नैवेद्याचं मीठ आणि घरची वही

महालक्ष्मीच्या, म्हणजे ज्येष्ठा गौरीच्या, स्वयंपाकात नैवेद्य दाखवण्याआधी काहीही चाखायचं नसतं. सार उकळत असतं, भाज्या पाळीपाळीनं चढत-उतरत असतात, कढी फुटू नये म्हणून कुणीतरी डाव फिरवत उभी असते, आणि एवढ्या सगळ्यात जिभेला थेंब लावायची मुभा कुणालाच नाही. मग मीठ बरोबर पडलं हे कळायचं कसं? आमच्या करमाडच्या घरी ते सासूबाईंच्या हाताला कळतं. पातेलं एकदा नजरेखालून घालतात, बरणीत तीन बोटं बुडवतात, भाजीवर फिरवत सोडतात आणि पुढच्या पातेल्याकडे वळतात. संध्याकाळी पंगत बसते तेव्हा पानात वाढलेल्या मिठाला कुणी बोट लावत नाही.

हा हात घरात आहे तोवर सण निर्धास्त पार पडतो. म्हणूनच तो हात आहे तोवरच त्याच्याकडून शिकून घ्यायला हवं. पदार्थांची नावं सगळ्यांनाच पाठ असतात. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, सार, कढी, वडे, भजी, पंचामृत, खीर, चटण्या, कोशिंबिरी, फुलोरा. ही यादी कुठेही मिळेल. मिळत नाही ते माप, क्रम आणि आपल्या घरचं वेगळेपण. ते कसं उतरवून घ्यायचं आणि त्याच्या आधारानं सणाचा दिवस कसा सोपा करायचा, हे गेल्या काही वर्षांत आम्ही जावांनी करून पाहिलं आहे. तेच इथे सांगते.

आमच्या भागात याची निकड जास्त आहे. जालना रस्त्यावरचं आमचं गाव पूर्वी शेतीच्या तालावर चालायचं. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आली, पाठोपाठ ऑरिक हे औद्योगिक शहर आलं, करमाड-लाडगाव पट्ट्यातल्या जमिनी गेल्या, आणि घरांतली माणसं पाळ्यांच्या नोकरीला लागली. कुणी संभाजीनगरात फ्लॅट घेतला, कुणी पुण्याला गेलं. महालक्ष्म्या मात्र एकाच घरी बसतात, किंवा भावाभावांत आळीपाळीनं फिरतात. यंदा थोरल्याकडे, पुढच्या वर्षी मधल्याकडे. मुखवटे पेटीत घालून नेता येतात. स्वयंपाक नेता यायचा तर तो कुठेतरी लिहिलेला हवा.

सुरुवात श्रावणात करा. सणाच्या आठवड्यात सासूबाईंना किंवा आईला विचारायला गेलात तर त्या “अगं, अंदाजानं घाल की” म्हणून कामाला लागतील, आणि त्यांचं काही चुकत नाही. अंदाज हेच त्यांचं माप आहे. श्रावणातल्या एखाद्या निवांत दुपारी वजनकाटा घेऊन त्यांच्याशेजारी बसा. घरगुती काटा एका ग्रॅमपर्यंत दाखवतो, चिमूटभर मीठ त्याच्यावर नीट उमटत नाही. म्हणून सासूबाईंना मी एकामागून एक दहा चिमटी वाटीत टाकायला लावल्या आणि आलेल्या वजनाला दहानं भागलं. “असं मोजून कधी सैपाक होतो का, बाई?” म्हणत त्यांनी टाकल्या. मग दहा मुठी डाळ, दहा मुठी ज्वारी, दहा पळ्या तेल. मूठ प्रत्येकीची वेगळी असते, त्यामुळे त्यांची मूठ तुमच्या मुठीत किती बसते हेही लगेच लिहून ठेवा. आमच्याकडे त्यांच्या तीन मुठी म्हणजे माझ्या चार.

वाटी-चमच्याचं माप मराठी स्वयंपाकघरांत चांगलं रुजलेलं आहे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्या मापांवर कितीतरी जणी स्वयंपाक शिकल्या. पण पन्नास माणसांच्या स्वयंपाकाला वाटी पुरत नाही, आणि आजीची वाटी व नातीची वाटी सारखी निघत नाही. मोठ्या स्वयंपाकाला वजनच धरा. घरात जुनं चिपटं किंवा मापटं असेल तर तेही काढा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही मापं आकारमानाची आहेत, म्हणून चिपटंभर हरभरा डाळ आणि चिपटंभर ज्वारी यांचं वजन वेगवेगळं भरतं. एकेक धान्य त्यात शिगोशीग भरून काट्यावर ठेवा आणि लिहा. आजेसासूबाईंच्या वेळचं “दोन मापटी डाळ” हे वाक्य मग आजही उपयोगाचं होतं.

मिठाचं गणित असं बसलं. निवडून चिरलेल्या एक किलो भाजीला दहा ते बारा ग्रॅम, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे. एक लिटर साराला दहा ग्रॅमच्या आसपास. पालेभाजी शिजून खाली बसते, म्हणून पातेलं भरून दिसली तरी तिला वजनाप्रमाणेच मीठ घालायचं, डोळ्यांना दिसते तेवढं नाही. भाज्या चिरून झाल्या की प्रत्येकीचं वजन करायचं आणि तिचं मीठ छोट्या वाटीत काढून त्या पातेल्याशेजारी ठेवून द्यायचं. वाटी रिकामी दिसली की मीठ पडलं. ही वाटीची पद्धत आम्ही एका फजितीनंतर लावली. एका वर्षी साराला मी मीठ घातलं आणि धाकट्या जावेनंही घातलं, दोघींनाही ठाऊक नव्हतं. नैवेद्य झाला, पहिला भुरका घेतल्यावर सगळी पंगत गप्प. त्या रात्री धाकटी रडली. तेव्हापासून आमच्या घरी मिठाची धनीण एकच असते; बाकी कुणी बरणीला हात लावत नाही.

आता पुरण. एक किलो हरभरा डाळीला एक किलो गूळ हे आमच्या घरचं माप. काही घरी पाऊण किलो घालतात. एवढ्यात मध्यम आकाराच्या तीस-पस्तीस पोळ्या होतात. चाळीस पानांना दीड-दीड पोळी धरली की साठ, दुसऱ्या दिवशी शेजारी-पाजारी वाटायला वीस; अडीच किलो डाळ भिजवा. डाळ तासभर भिजली की चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवा, तेलानं फेस कमी येतो. बोअरच्या जड पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही, त्या दिवशी डाळीपुरतं आरओचं पाणी वापरा. आणि डाळ बोटानं दाबून पूर्ण चेचली जात नाही तोवर गूळ घालू नका. गुळातली साखर, आंबटपणा आणि चुना डाळीला मऊ होऊ देत नाहीत. घाईनं गूळ घातलेलं पुरण मग कितीही शिजवलं तरी कणी धरून राहतं आणि पोळी लाटताना तिथेच फुटते. कट निथळून साराला बाजूला काढा. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं, नंतर आळतं. उलथनं मधोमध उभं केल्यावर पडलं नाही की उतरवा आणि गरम असतानाच यंत्रातून काढा. थंड झालेलं पुरण यंत्राला दाद देत नाही.

कणीक सैल भिजवून तेल-पाण्याचा हात लावत तिंबायची आणि दोन तास झाकून ठेवायची. हे वाचून येत नाही. आमच्या वहीत या जागी मजकुराऐवजी मोबाइलवर काढलेल्या चित्रफितीची तारीख लिहिली आहे. तिच्यात सासूबाई कणीक ओढून दाखवतात आणि ती तुटण्याआधी वीतभर लांबते. जे हाताला कळतं ते चित्रफितीत घ्या, जे मोजता येतं ते वहीत. जिथे “वास येईस्तोवर” असं उत्तर मिळेल तिथे घड्याळ लावा. खोबरं किती मिनिटांनी खमंग झालं, आच किती होती, हे लिहिलं की पुढचीला धागा सापडतो.

आंबिलीला मात्र आदल्या रात्रीपासून वेळ द्यावा लागतो. मराठवाड्यात आणि विदर्भात ज्वारीच्या आंबिलीशिवाय महालक्ष्मीचं ताट पूर्ण होत नाही. पूर्वी ज्वारी ओलवून, सडून, जात्यावर भरडायची. आता गिरणीतून भरडा काढून आणता येतो. फक्त गिरणीवाल्याला सण असल्याचं सांगून आदल्या आठवड्यातच काढून घ्या. अर्धा किलो भरडा रात्री ताकात भिजवा. सकाळी चौपट-पाचपट पाण्यात, सतत ढवळत, कणी मऊ होईपर्यंत शिजवा. मीठ, जिरं, किसलेलं आलं, ओल्या खोबऱ्याचे पातळ काप. उतरवताना ती तुम्हाला हवी त्याहून पातळ वाटली पाहिजे, कारण निवल्यावर ज्वारी पाणी धरते आणि आंबील घट्ट होते. पहिल्या वर्षी मी गरम असतानाच “छान दाट झाली” म्हणून खूश झाले, संध्याकाळी ती डावानं कापून वाढावी लागली. भांडं स्टीलचं घ्या. पितळेचं मोठं पातेलं काढायची हौस असेल तर आतून कल्हई पक्की आहे का ते बघा. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत कळकतो आणि पोटाला बाधतो.

सोळा भाज्यांचं ओझं सगळ्यात जास्त वाटतं, आणि तिथेच थोडा विचार केला तर ते सगळ्यात हलकं होतं. आधी आपल्या घरची रीत नक्की करा. काही घरी सोळा भाज्या वेगवेगळ्या करतात, काही घरी सोळाही एकत्र शिजवतात, आणि काही घरी चार-पाच मोठ्या भाज्या करून उरलेल्या एका मिसळीच्या भाजीत मोजतात. आमची तिसरी. कोणत्या भाज्या मिळतील हे सणाच्या तारखेवर ठरतं. सण नक्षत्रावर चालतो; अनुराधेला आवाहन, ज्येष्ठेला जेवण, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते. जेवण २०२३ साली २२ सप्टेंबरला होतं, २०२४ ला ११ सप्टेंबरला आणि २०२५ ला १ सप्टेंबरलाच आलं. अधिक मासाच्या वर्षी सण लांबतो. तीन आठवड्यांच्या या फरकानं बाजारातली आणि बांधावरची भाजी बदलते, म्हणून वहीत सोळा नव्हे, बावीस-चोवीस नावं लिहा. आमची अशी आहेत: गंगाफळ, दोडकं, गिलकं, पडवळ, कारलं, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, वांगं, वाळूक, कटुर्लं, चमकोरा, अंबाडी, चुका, मेथी, शेपू, तांदुळजा, मुळा, मक्याचं कणीस, बटाटा, टोमॅटो, फुलकोबी. पुण्याकडच्या जावेला चमकोरा म्हणजे अळू हे सांगावं लागलं आणि गंगाफळ म्हणजे लाल भोपळा हेही. बाजारात मिळणारं नाव वहीत शेजारी लिहून ठेवलं की परगावी राहणाऱ्यांची अडचण होत नाही. ज्यांचं घर लंडनला किंवा न्यू जर्सीत आहे त्यांनी तिथे मिळेल ती ताजी भाजी सोळ्यात मोजावी. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, त्याचीही आंबील होते, फक्त पीठ गार ताकात आधी कालवून घ्यायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

बाजार दोन दिवस आधी करा, पालेभाजी तेवढी आवाहनाच्या दिवशी आणा. आवाहनाच्या संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला की सगळं घर निवडायला बसवा, पुरुषांसकट, मुलांसकट. गवार आणि शेंगा मोडायला सात वर्षांचं पोरही चालतं. आमच्याकडे दीर सोळा भाज्यांच्या सोळा पिशव्या करून प्रत्येकीवर चिठ्ठी लावतात. कंपनीतल्या स्टोअरमध्ये काम करून त्यांना तो हात बसला आहे आणि या कामाचा त्यांना अभिमान वाटतो.

जेवणाच्या दिवसाचं वेळापत्रक उलटं मांडा. नैवेद्याची वेळ आधी धरा, मग मागे मागे या. आमचा नैवेद्य संध्याकाळी पाचला. म्हणजे वडे-भजी साडेचारला, कोशिंबिरी सव्वाचारला आणि त्यांत दही शेवटच्या क्षणी. भात चारला. पोळ्या दोन ते चार, दोन तव्यांवर. भाज्या अकरा ते दोन. सार आणि कढी बाराला. पुरण नऊला चढलं पाहिजे, कणीक दहाला भिजली पाहिजे, आंबील आठला. फुलोऱ्याच्या करंज्या, वेणी-फणी, पापड्या हे तळण दोन-तीन दिवस आधी उरकून डब्यात ठेवलेलं असावं. हा कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. पहिल्या वर्षी सासूबाईंना तो परका वाटला, दुसऱ्या वर्षी त्यांनीच “कागद लागला का गं?” म्हणून विचारलं.

उपासाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. सोवळ्यात पहाटे पाचला उभी राहिलेली बाई संध्याकाळी सहापर्यंत पाण्यावर राहते, आणि समोर चार शेगड्या पेटलेल्या असतात. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी असं करू नये. साखर एकदम उतरते, घाम सुटतो, चक्कर येते. डॉक्टरांना सणाच्या आधीच विचारून घ्या. बाकीच्यांनीही दर दोन तासांनी ताक, दूध, फळ असं काहीतरी घ्यावं. नैवेद्याला तोंड लावायचं नाही हा नियम नैवेद्यापुरता आहे, त्यासाठी बाईनं कोसळायची गरज नाही. वेळापत्रकाच्या कागदावर आम्ही “११ वाजता सगळ्यांना दूध-केळं” असंही लिहितो आणि ते द्यायचं काम मुलांचं.

आणि पंगत. माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. पहिली काही वर्षं सासूबाई सगळा स्वयंपाक करायच्या आणि हळदीकुंकवाच्या वेळी मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. ज्या हाताला घरभराचं मीठ ठाऊक, तोच हात पंगतीत नाही, हे मला सहन व्हायचं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करण्याचं आवाहन केलं. त्या वर्षी आम्ही सासूबाईंचं पान महालक्ष्म्यांच्या अगदी समोर मांडलं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग बसल्या. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर तिला सणाच्या दिवशी अचानक ओढू नका, आधी बोला. पण बोला नक्की.

रीत टिकवायची म्हणजे सगळंच जसंच्या तसं करायचं का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. वहीत प्रत्येक पदार्थापुढे एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे “हे का करतो” ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. आंबिलीपुढे आमच्याकडे लिहिलं आहे की घरातली ज्वारी देवीला गेली पाहिजे. हे कारण आहे तोवर आंबील सुटणार नाही. पाच प्रकारच्या खिरींपुढे सासूबाई म्हणाल्या, “एका वर्षी पाहुणे जास्त होते म्हणून केल्या, मग पडली प्रथा.” आता एकच खीर होते. दुसऱ्याच्या घरची रीत बघून स्वतःची बदलू नका आणि तिला नावंही ठेवू नका. कोकणात कितीतरी घरी गौरीला तिखटाचा, सामिष नैवेद्य असतो, आणि तो तितक्याच श्रद्धेनं होतो.

उरलेलं अन्न सांभाळणं भाद्रपदाच्या दमट हवेत फार महत्त्वाचं. भात, वरण, कढी, कोशिंबीर मोठ्या पातेल्यात तशीच ठेवली तर आतून तासन् तास कोमट राहते आणि नासते. जेवणं उरकली की दोन तासांच्या आत परातीत पसरून निववा आणि लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दही घातलेली कोशिंबीर उरली तर ठेवूच नका. पुरणपोळ्या पूर्ण निवल्याशिवाय एकावर एक रचू नका, वाफेनं ओल्या होतात. नीट निवलेल्या दुसऱ्या दिवशी वाटायला चांगल्या राहतात.

विसर्जनाच्या दिवशी दोरे बांधून झाले, मुखवटे पुसून पेटीत ठेवायची वेळ आली की आमच्याकडे एक काम असतं. सगळ्या जावा वही घेऊन बसतो आणि त्या वर्षीचं पान लिहितो. किती पानं झाली, किती पोळ्या उरल्या, कोणती भाजी संपली, कोणती तशीच राहिली, आंबिलीला पाणी किती लागलं, मिठाची धनीण कोण होती. यंदा धाकटी होती. तिच्या नावापुढे सासूबाईंनी मला लिहायला लावलं: “मीठ बरोबर.” मग ती वही पिवळ्या फडक्यात गुंडाळून मुखवट्यांच्याच पेटीत ठेवतो. पेटी ज्याच्या घरी जाईल, वही त्याच्या घरी जाते.